चोर सोडून डिस्कला फाशी

दीड वर्षात माझ्या पिकअपला पुढच्या डिस्कचे तीन जोड लागले. पहिल्यांदा वाटलं, झाल्या असतील जुन्या. दुसऱ्यांदा वाटलं, माल डुप्लिकेट निघाला. तिसऱ्यांदा बायकोने बिल हातात घेऊन विचारलं, "डिस्क गाडी खाते की तुम्ही?" तेव्हा कुठे मी नीट शोध घ्यायला बसलो.

माझं काम साधं आहे. पहाटे वाशीच्या मार्केटमधून भाजी-किराणा उचलायचा, नेरळला यायचं आणि घाट चढून दस्तुरी नाक्यावर माल उतरवायचा. तिथून पुढे माथेरानात मोटारीला बंदी, माल घोड्यावर नाहीतर हातगाडीवर जातो. आठवड्यातून दोनदा चाकणचा कांदा-बटाटा. तो बोरघाट उतरून खोपोली, कर्जतमार्गे नेरळला येतो. म्हणजे एक घाट मी रिकाम्या गाडीने उतरतो आणि एक भरल्या गाडीने. पुढे हाच फरक कामाला येणार आहे.

यातलं बरंचसं मला खोपोलीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी दाखवलं. "नाव छापू नकोस, गिऱ्हाईक वाढलं तर झेपणार नाही," असं ते म्हणाले. म्हणून इथे नुसतं काका.

१. आधी थरथर कुठली, ते ओळखा.

"गाडी थरथरते" आणि "ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. गॅरेजमध्ये जाऊन पहिली सांगितली तर तो चाकांचं बॅलन्सिंग करून देतो, आणि त्यात त्याची चूक नाही. ब्रेकला पाय न लावता सत्तर-ऐंशीच्या पुढे थरथर येत असेल तर टायर, रिम, बॅलन्सिंग बघा. ब्रेक दाबल्यावरच येत असेल तर ब्रेक बघा. स्टिअरिंग हलत असेल तर दोष बहुधा पुढे, बूड आणि हौदा हलत असेल तर बहुधा मागच्या ड्रममध्ये.

खात्री करायला एक युक्ती आहे. रिकाम्या सपाट रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगाने जाताना पायाचा ब्रेक न दाबता हँडब्रेक अगदी हळूहळू ओढायचा, त्याचं बटण दाबूनच ठेवायचं. बहुतेक पिकअपचा हँडब्रेक मागच्या ड्रमवर चालतो, त्यामुळे थरथर आली तर ड्रम गोल राहिलेला नाही. मी हे सकाळी सहाला कळंबच्या रस्त्यावर केलं. हँडब्रेकला गाडी गुपचूप थांबली. पुढचाच दोष, असं मी ठरवून टाकलं. ते अर्धंच खरं होतं.

२. "डिस्क वाकली" म्हणजे निदान नव्हे.

गॅरेजवाले सर्रास हेच म्हणतात, मीही म्हणायचो. पण बोटभर जाडीची बिडाची ताटली अशी पापडासारखी वाकत नाही. काकांनी माझी काढलेली डिस्क बाकावर ठेवली, तिच्यावर खडूने आठ खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेवर मायक्रोमीटर लावून मला आकडे लिहायला सांगितले. सगळ्यात जाड जागा आणि सगळ्यात पातळ जागा यांत फरक निघाला ०.०३ मिलिमीटर. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटरचा असतो. अर्ध्या केसाइतक्या फरकाने माझी तीन टनांची गाडी थरथरत होती!

होतं असं की डिस्क एका ठिकाणी जाड असली की प्रत्येक फेऱ्याला ती कॅलिपरच्या पिस्टनला ढुशी मारते. ती ढुशी ब्रेक ऑइलमधून पेडलला पोचते आणि पायाखाली पेडल उसळतं. डोळ्याला काहीच दिसत नाही, म्हणून "वाकली" म्हणून मोकळं व्हायचं.

दुसरं माप गाडीवरच घ्यायचं. चाक काढून नट परत आवळायचे, चुंबकाच्या स्टँडवर डायल गेज लावायचा आणि डिस्क हाताने फिरवायची. काटा किती डुलतो ते बघायचं. डुलणाऱ्या डिस्कची गंमत अशी की पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही. ब्रेक दाबलेला नसतानाही तिची एकच बाजू प्रत्येक फेऱ्याला पॅडला घासून जाते आणि पाच-सहा हजार किलोमीटरांत तिथली जाडी बदलते. मग थरथर सुरू.

म्हणून तारखा आणि किलोमीटर लिहून ठेवा. नवी डिस्क पहिल्याच दिवशी थरथरली तर बसवण्यात घोळ. काही हजार किलोमीटर नीट चालून मग थरथरली तर ती डुलते आहे किंवा भाजते आहे. माझ्या तिन्ही जोड्या पाच ते सात हजारांवर गेल्या होत्या. हे मला बिलांवरच्या तारखा बघून कळलं. तोवर ती बिलं नुसती डॅशबोर्डवर उन्हात पिवळी पडत होती.

३. लेथवर फिरवून आणणं म्हणजे भिंतीच्या ओलीवर चुना मारणं.

पहिली जोडी मी लेथवर साफ करून आणली. अठराशे किलोमीटरवर ये रे माझ्या मागल्या. कारण डिस्क भयंकर तापते तेव्हा काही ठिकाणी पॅडचा मसाला तिच्यावर चिकटतो, निळसर-काळे डाग पडतात आणि तिथलं बीड आतपर्यंत कडक होतं. लेथ वरचा थर काढते, कडक डाग आत राहतो. तो आजूबाजूपेक्षा कमी झिजतो आणि पुन्हा उंचवटा तयार होतो. शिवाय डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा ठोकलेला असतो. त्याच्या खाली गेलेली डिस्क फुकट मिळाली तरी लावू नये.

४. नवी डिस्क जुन्या गंजावर बसवू नका.

आमच्याकडे जून ते सप्टेंबर लोखंड श्वास घेत नाही, नुसतं पाणी पितं. हबला डिस्क जिथे टेकते तिथे गंजाचे पापुद्रे धरतात. तिथला कागदाएवढा पापुद्रा डिस्कच्या कडेला त्याहून मोठा झोल होऊन दिसतो, कारण कडा मध्यापासून लांब. दुसऱ्या जोडीच्या वेळी गॅरेजमधल्या पोराने हब फडक्याने पुसला होता. फडक्याने गंज निघत नाही. तारेचा ब्रश, पॉलिशपेपर आणि पंधरा मिनिटं लागतात. तुम्ही तिथे उभे राहा. चहा नंतर प्या.

५. हवेच्या गनने आवळलेले नट.

पंक्चरवाला एका नटाला गन लावतो, टर्रर्र, की शेजारच्याला. एक नट जीव जाईस्तोवर आवळलेला, दुसरा सैल. हब आणि डिस्क त्या ओढाताणीत तिरकी बसतात. समोरासमोरचे नट आळीपाळीने, आधी हाताने आणि मग टॉर्क पान्याने आवळून घ्या. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर परत एकदा बघा. पंक्चरवाला तोंड वाकडं करतो, करू द्या.

तिसऱ्या जोडीला मी हे सगळं केलं. हब आरशासारखा, डायल गेजचा काटा जागेवर, नट मापात. तरीही सहा हजारांवर स्टिअरिंग हातात नाचायला लागलं. तेव्हा मी काकांकडे गेलो.

६. हात लावू नका, ताप मोजा.

काकांनी आधी एक पानाही हातात घेतला नाही. लांबून तापमान दाखवणारं पिस्तूल असतं, हजार-बाराशेला मिळतं. (करोनात कपाळावर धरायचे ते नव्हे, त्याची मजल ब्रेकच्या तापापर्यंत जात नाही.) ते माझ्या हातात देऊन म्हणाले, "भरली गाडी घेऊन घाट उतर, खाली थांब आणि चारही चाकांचा आकडा लिहून आण."

पुढच्या फेरीला खोपोलीत गाडी कडेला घेतली आणि आकडे घेतले. पुढचं डावं २६२ अंश, पुढचं उजवं २५५. मागचं डावं ५८, मागचं उजवं ६१.

त्याआधी एका गॅरेजने मला दोन्ही कॅलिपरच्या पिना बदलायला लावल्या होत्या, "एक जाम असणार" म्हणून. कॅलिपर जाम असता तर एक बाजू तापली असती आणि दुसरी निवांत असती. इथे डावी-उजवी जुळ्या बहिणी. फरक होता तो पुढच्या-मागच्यात. पुढच्या डिस्क मागच्या ड्रमपेक्षा जास्त तापतातच, तो नियमच आहे. पण हौद्यात दीड टन कांदा असताना, म्हणजे मागच्या चाकांवर सगळ्यात जास्त वजन असताना, अख्खा घाट उतरून ड्रम साठ अंशांवर? उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा पत्राही एवढा तापतो. मागचे ब्रेक घाटात कामालाच आले नव्हते.

आणि मी दीड वर्ष पुढच्या डिस्कना शिव्या घालत होतो.

७. दुखतं तिथेच दुखणं असतं असं नाही.

मागचे ड्रम उघडले. लायनर काचेसारखे गुळगुळीत, आतले ॲडजस्टर गंजून बसलेले, त्यामुळे शू ड्रमला नीट पोचतच नव्हते. हे कुठल्याही जुन्या पिकअपमध्ये सापडेल. हँडब्रेकच्या चाचणीत गाडी गुपचूप थांबली ती यामुळेच. ब्रेकने जेमतेम पकड घेतली होती, थरथरणार काय? खरी गोष्ट त्याच्याही वर, चासीला होती.

काका गाडीखाली सरकले. थोडा वेळ टॉर्च इकडेतिकडे फिरली. मग आतून आवाज आला.

"हा पाटा कंपनीचा नाही. कधी टाकलास?"

"मागच्याच्या मागच्या दिवाळीत."

"आणि थरथर कधीपासून?"

"होळीच्या आसपास."

काका गाडीखालून बाहेर न येताच म्हणाले, "मग मला कशाला विचारतोस?"

झालं होतं असं. कांद्याच्या हंगामात गाडी मागून बसायची, खड्ड्यात खाड्कन आपटायची. मी कमानपाट्यावाल्याकडे जाऊन दोन्ही बाजूंना एकेक जास्तीचा पाटा घालून घेतला. गाडी मागून ताठ उभी राहिली, मीही ताठ झालो. नेरळमध्ये निम्म्या पिकअपना तो असतो, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

पण अशा गाड्यांच्या मागच्या ॲक्सलजवळ एक लहानसा व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. हौद्यात माल भरला की चासी खाली येते, दांडी वळते आणि व्हॉल्व्हला कळतं की मागे वजन आहे, मागच्या ब्रेकला जास्त दाब जाऊ दे. गाडी रिकामी असताना तो मागचा दाब रोखतो, नाहीतर हलकी मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी जाईल. मी पाटा टाकला, गाडी बसायची थांबली. व्हॉल्व्हच्या हिशेबी माझी गाडी कायमच रिकामी! हलक्या ब्रेकला तो मध्ये पडत नाही. पण घाटात वळणाआधी जोरात ब्रेक दाबला की मागचा दाब तिथेच अडवायचा. हलक्या ब्रेकला शू पोचत नाहीत आणि जोराच्या ब्रेकला व्हॉल्व्ह सोडत नाही. तीन टनांचं ओझं पुढच्या दोन ताटल्यांवर. त्या भाजणार नाहीत तर काय?

हे नेरळच्या माणसाला तरी आधी सुचायला हवं होतं. आमची माथेरानची गाडी १९०७ पासून दोन फुटी रुळांवर, वीस फुटांना एक फूट अशा चढावर चालते. उतरताना ती कधीच एकट्या इंजिनाच्या भरवशावर नव्हती. डब्यांवर ब्रेकवाले बसायचे, इंजिनाची शिट्टी ऐकून हाताने ब्रेकचं चाक फिरवायचे. एअर ब्रेक आले ते अगदी अलीकडे. लहानपणी त्या माणसांकडे बघत घाट चढलेलो आहे मी, आणि स्वतःच्या गाडीच्या मागच्या दोन ब्रेकवाल्यांना मीच घरी बसवलं होतं.

८. ज्या गिअरमध्ये चढता, त्याच गिअरमध्ये उतरा.

हे वाक्य प्रत्येक ड्रायव्हरला पाठ असतं आणि मोजकेच पाळतात. म्हणून मी एकदा हिशेब केला. तीन टनांची गाडी खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत साधारण पाचशे मीटर खाली येते. तेवढ्या उतरण्यातली ऊर्जा सगळी उष्णता झाली तर पंचेचाळीस लिटर पाणी उकळेल. लग्नघरच्या आंघोळीचा बंब! इंजिनाने आणि वाऱ्याने यातला वाटा उचलला नाही तर तो सगळा बंब ब्रेकवर पेटतो.

दुसऱ्या-तिसऱ्यात गाडी सोडा, इंजिनाला ओरडू द्या. ब्रेकवर पाय टेकवून सगळा घाट घासत उतरू नका. वळणाआधी नेमका दाबा, वेग उतरला की पूर्ण सोडा, डिस्कला वारा लागू द्या. डिझेल वाचेल म्हणून न्यूट्रल टाकणाऱ्यांना एवढंच सांगतो: आताच्या कॉमन रेल इंजिनात गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की डिझेल बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. म्हणजे ब्रेकही जातात आणि डिझेलही.

कर्जतला वर जाणाऱ्या रेल्वेला मागून बँकर इंजिनं लागतात, ते वडापाव खाताना सगळे बघतात. त्याच घाटात उतरणाऱ्या गाड्या मध्ये थांबवून ब्रेक तपासतात, तिकडे कुणाचं लक्ष नसतं. आपणही तसेच. वर जाताना बोरघाटातल्या शिंग्रोबाच्या देवळात नाणं टाकतो आणि उतरताना मोबाइल बघतो.

९. तापलेल्या डिस्कवर पाणी नाही, आणि पायही नाही.

शनिवार-रविवारी नेरळला घाटाच्या पायथ्याशी जळक्या पॅडचा वास सुटलेला असतो. पर्यटक गाडी थांबवून बिसलेरीची बाटली चाकावर ओततात, वर वाफेचा व्हिडिओ काढतात. घरी तापलेल्या बिडाच्या तव्यावर गार पाणी ओतून बघा, आई काय म्हणते ते. डिस्कही बीडच आहे. कधी केसासारखी चीर जाते, कधी ती खरोखरच वाकते. गाडी सावलीत उभी करा, वारा लागू द्या, अर्ध्या तासाने निघा.

दुसरी चूक माझी स्वतःची. घाट उतरून नेरळच्या हुतात्मा चौकात आलो की गर्दी. तिथे मी पेडल गच्च दाबून उभा राहायचो. तापलेला पॅड तापलेल्या डिस्कवर एकाच जागी चेपला की तिथे त्याचा शिक्का उमटतो. काकांनी माझ्या डिस्कवर पॅडच्या आकाराचा डाग बोटाने दाखवला, अगदी कडेच्या रेघेसकट. आता सपाटीवर पाय काढून घेतो. थोडा चढ असला तर हँडब्रेक.

१०. दोन फुटकळ गोष्टी.

नवे पॅड लावले की पहिल्या दिवशी घाटात जाऊ नका. सपाट रस्त्यावर पन्नास-साठवरून दहा-पंधरापर्यंत मध्यम ब्रेक, मध्ये थोडं अंतर सोडून, वीसेक वेळा. पॅडचा मसाला डिस्कवर सारखा बसतो. आणि ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट-३ नवं असताना २०५ अंशांना उकळतं, ओल धरल्यावर १४० च्या आसपास. घाटात ते उकळलं की पेडल स्पंजासारखं खाली जातं, आणि तेव्हा थरथरीची आठवण गोड वाटेल.

११. हिशेब.

तीन जोड डिस्क, चार वेळा पॅड, लेथ, कॅलिपरच्या पिना, दोनदा बॅलन्सिंग: बेचाळीस हजारांच्या वर. शेवटचं काम, म्हणजे लायनर, ॲडजस्टर, व्हॉल्व्हची गंजलेली दांडी मोकळी करून पुस्तकातल्या मापाला लावणं आणि तो पाटा काढणं: साडेपाच हजार.

पण हा हिशेब पुरा नाही. पाटा काढल्यावर गाडी पुन्हा मागून बसायला लागली. बसणारच, मी तिच्यात आरसीबुकापेक्षा जास्त पोती घालत होतो. आता फेरीला आठ पोती कमी आणतो. एक जुनं गिऱ्हाईक त्यापायी तुटलं, आता दुसऱ्याकडून माल घेतं. त्या दुसऱ्याच्या पिकअपला जास्तीचा पाटा आहे, मी वाकून बघितलंय.

त्यानंतर लावलेली डिस्कची जोडी अठ्ठावीस हजार किलोमीटर चालली आहे. यंदा पावसाआधी काकांनी पुन्हा आठ खुणांवर मायक्रोमीटर लावला, फरक शतांश मिलिमीटरच्या आतच. बोरघाट उतरल्यावर परवा मागचे ड्रम ११८ आणि १२४ अंश दाखवत होते, पुढच्या डिस्क १७० च्या खाली.

काढलेले पाटे भंगारात घातले नाहीत. लोहाराकडून एकाचा कोयता करून घेतला. धार फार चांगली धरतो.